आधी खेळणं उडालं, मग खरं हेलिकॉप्टर

पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. ऑडिओत मागे कुकरच्या शिट्ट्या आणि गच्चीवरचा वारा ऐकू येतो, तेवढा इथे नाही. बाकी बोललो तसंच ठेवलंय, दोन-चार वाक्यं फक्त सरळ केली.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. माझा मावसभाऊ लातूरला असतो, बारावी नुकतीच संपलीय. दोन वर्षं क्लास, टेस्ट सिरीज, पुन्हा क्लास. लातूर पॅटर्न म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तर परीक्षा झाल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याची नोट आली: "दादा, रिमोटचं हेलिकॉप्टर घेऊ लालो. बाबा पाच हजार देतो म्हनलेत. कोन्तं घेऊ सांग की. फोटो पाठवलो बघ."

फोटो पाच होते. एकावर कॅमेरा, एकावर पोलिसांचा लोगो, एक चक्क अर्ध्या मीटरचं. मी उत्तर टाइप करायला लागलो आणि लक्षात आलं की "हे घे" एवढं सांगून भागणार नाही. हेलिकॉप्टर ही अशी वस्तू आहे की तिचा इतिहास कळला तरच दुकानातले प्रकार कळतात. म्हणून हा भाग.

लातूरकरांना हेलिकॉप्टर म्हटलं की एक व्हिडिओ आठवतोच. २५ मे २०१७, निलंगा. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडालं आणि लगेच तारांना अडकून खाली आलं. सगळे सुखरूप बाहेर पडले. त्या दिवशी प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तोच व्हिडिओ होता, आणि आमच्याकडे चहाच्या टपरीवर प्रत्येक जण पायलट झाला होता. पण त्यातून एक गोष्ट सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली: हेलिकॉप्टरला सगळ्यात जड जातं ते जमिनीजवळचं, संथ उडणं. विमानाला वेग मिळाला की पंख काम करतात. हेलिकॉप्टरला एका जागी उभं राहायला सगळी ताकद स्वतः काढावी लागते. हे वाक्य लक्षात ठेवा, खेळण्यालाही तेच लागू आहे.

आता मागे जाऊ. बरंच मागे.

माळेगावच्या जत्रेत गेला असाल तर दोरी ओढली की वर उडणारी प्लास्टिकची चकती पाहिली असेल. लोहा तालुक्यातली खंडोबाची जत्रा, घोडे, उंट, गाढवं आणि त्या गर्दीत दहा-वीस रुपयांना मिळणारं ते खेळणं. त्याचा पणजोबा चीनमधला: बांबूची काडी, वर दोन पाती, दोन तळव्यांत धरून घुसळायची आणि सोडायची. शेकडो वर्षं मुलं ते उडवत होती आणि एकाही मोठ्या माणसाला त्यात बसून उडता आलं नव्हतं. १७८४ मध्ये लोनुआ आणि बियाँवेन्यू या दोन फ्रेंच माणसांनी पक्ष्यांची पिसं आणि धनुष्याची दोरी वापरून असंच एक यंत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीला दाखवलं. १७९६ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज केलीने त्याची नक्कल केली, आणि तिथून त्याचं विमानांचं वेड सुरू झालं.

मग १८७८. अमेरिकेत एक पाद्री बाप प्रवासाहून घरी येताना दोन पोरांसाठी एक खेळणं घेऊन आला. बूच, बांबू, कागद आणि पिळलेलं रबर. आल्फोन्स पेनो नावाच्या फ्रेंच तरुणाच्या डिझाइनवरचं. बापाने हातातून ते वर सोडलं आणि ते छताला जाऊन धडकलं. पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'वटवाघूळ'. ते लवकरच मोडलं, म्हणून त्यांनी स्वतः बनवलं, मग आणखी मोठं बनवलं, आणि मोठं उडेचना. ती दोन पोरं म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राईट. पुढे त्यांनीच लिहिलं की दुप्पट लांबी-रुंदीचं यंत्र उडवायला आठपट ताकद लागते, हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. बघा, पहिला धडा इथेच आहे: आकार वाढला की प्रश्न त्याच प्रमाणात वाढत नाहीत, कितीतरी जास्त वाढतात. भावाने पाठवलेला तो अर्ध्या मीटरचा फोटो आठवा.

मोठ्या हेलिकॉप्टरला दुसरीही अडचण होती. फिरत्या खुर्चीवर बसा आणि हातात मोठं चाक धरून ते जोरात उजवीकडे फिरवा. खुर्ची डावीकडे वळायला लागेल. वरची पाती एका दिशेला फिरली की खालचं धड उलट दिशेला फिरू पाहतं. यावर दोन सरळ उपाय आहेत. एकाच दांड्यावर एकावर एक दोन पंखे बसवायचे आणि ते एकमेकांच्या उलट फिरवायचे. किंवा शेपटीला एक छोटा पंखा आडवा लावायचा आणि त्याने धड धरून ठेवायचं. इगोर सिकोर्स्कीने १४ सप्टेंबर १९३९ ला साखळदंडांनी जमिनीला बांधलेलं आपलं व्हीएस-३०० जमिनीवरून उचललं, ते शेपटीच्या पंख्यावर. आज जगातली बहुतेक हेलिकॉप्टरं त्याच घराण्यातली. आणि दुकानातली खेळणीही याच दोन घराण्यांत वाटलेली आहेत, हे पुढे लागेल.

पण मला या गोष्टीतला सगळ्यात आवडणारा माणूस सिकोर्स्की नाही. तो आहे आर्थर यंग.

आर्थर यंग गणित शिकलेला होता. तत्त्वज्ञानाचं वेड होतं, पण डोकं चालतं का हे तपासायला काहीतरी अवघड यंत्र करून बघू म्हणून त्याने हेलिकॉप्टर निवडलं. (आपल्यातले काही जण असंच म्हणत यूपीएससीला बसतात, असो.) १९२८ च्या सुमारास त्याने सुरुवात केली, आणि मोठं यंत्र न बांधता लहान मॉडेलं करायची असं ठरवलं. पेनसिल्व्हेनियात पाओली नावाच्या ठिकाणी एक जुनं धान्याचं कोठार होतं, त्यात तो वर्षानुवर्षं मॉडेलं बांधायचा, उडवायचा, मोडायचा. विजेची मोटर, खाली लोंबणारी वायर आणि हातात कंट्रोल. थोडक्यात, रिमोटचं हेलिकॉप्टर! फरक इतकाच की रिमोटला वायर होती.

त्याची मॉडेलं उडायची, पण टिकायची नाहीत. एका बाजूला कलायची, दुसऱ्या बाजूला झुलायची, झोका वाढत जायचा आणि धडाम. मग त्याने पात्यांच्या काटकोनात, टोकांना वजन असलेली एक दांडी बसवली. फिरणारी जड वस्तू आपली पातळी सहज सोडत नाही. लहानपणी भोवरा खेळलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. धड हललं तरी ती दांडी आपल्या पातळीत फिरत राहते आणि पात्यांना जागेवर आणते. मॉडेल एका जागी स्थिर उभं राहिलं.

१९४१ मध्ये यंग ते मॉडेल घेऊन बफेलोच्या बेल एअरक्राफ्ट कंपनीत गेला आणि त्यांना उडवून दाखवलं. कंपनीने करार केला. त्या मॉडेलवरून बेल-३० झालं आणि त्यावरून बेल-४७. ८ मार्च १९४६ ला बेल-४७ ला नागरी वापराचा परवाना मिळाला, असा परवाना मिळालेलं ते जगातलं पहिलं हेलिकॉप्टर. काचेचा फुगा पुढे आणि मागे नुसती जाळीची शेपटी असलेलं ते, जुन्या सिनेमांत दिसतं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यातलं एक आहे.

आता मजा बघा. बाजारात चार-पाचशेला मिळणारं खेळण्यातलं हेलिकॉप्टर हातात घ्या. पात्यांच्या वर एक छोटी आडवी दांडी दिसेल, टोकाला दोन गोळे. पोरं म्हणतात शोभेची आहे. ती यंगची दांडी आहे.

वायर काढून रेडिओ कसा आला, ते थोडक्यात. १८९५ मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी मध्ये भिंती असताना विद्युतलहरींनी पलीकडची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली. तारेशिवाय, दुरून. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात छोटी बोट रेडिओने चालवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला तिचं पेटंट मिळालं. लोकांना वाटलं जादू आहे. (कमेंटमध्ये तळपदे येणारच, म्हणून आत्ताच सांगतो: १८९५ ला गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं ही कथा मीही लहानपणी ऐकलीय, पण त्या उड्डाणाचा तेव्हाचा ठोस पुरावा हाती आलेला नाही. माणूस खरा होता, त्याचं वेड खरं होतं. त्यापुढे आपण जायला नको.)

बोट आणि विमान रेडिओवर लवकर आलं. हेलिकॉप्टरला सत्तर वर्षं लागली. कारण बोटीला एक सुकाणू पुरतं. हेलिकॉप्टरला वर-खाली, पुढे-मागे, डावं-उजवं आणि शेपूट, हे चारही एकाच वेळी सांभाळावं लागतं. जर्मनीच्या डिटर श्लुटर यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी ते जमवलं आणि पुढे त्यांची किट्स विकत मिळू लागली. ही इंधनावर चालणारी, तेल ओकणारी, महागडी यंत्रं होती. इलेक्ट्रॉनिक जायरो नाही. शेपूट पायलटने स्वतःच्या अंगठ्याने धरायचं. शिकणाऱ्याचा महिन्याचा पगार दोन सेकंदांत भुसा व्हायचा. आपल्याकडे नांदेड-लातूरला हे प्रकरण तेव्हा पोचणं शक्यच नव्हतं. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एअरोमॉडेलिंग व्हायचं, पण ते मुख्यतः बाल्सा लाकडाची विमानं.

मग ते आपल्यापर्यंत आलं कसं? तुमच्या हातातल्या फोनमुळे. खरंच. स्मार्टफोनला चपटी, हलकी, दमदार बॅटरी हवी होती म्हणून लिथियम पॉलिमर बॅटऱ्या स्वस्त झाल्या. फोनवर गेम खेळता यावा म्हणून सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले जायरो लाखोंनी बनायला लागले. २०१० च्या आयफोन ४ मध्ये जायरो होता. यंगच्या दांडीचं काम आता तांदळाच्या दाण्याएवढी चिप करू लागली. त्याच सुमारास सायमाचं एस१०७ नावाचं तळहाताएवढं हेलिकॉप्टर जगभर गेलं. एकावर एक दोन उलटे पंखे, वर यंगची दांडी, आत जायरो, अ‍ॅल्युमिनियमची चौकट. पहिल्यांदा असं झालं की खोक्यातून काढलं आणि कोणीही उडवलं.

त्याच कुळातलं एक मी आठवी-नववीत असताना नांदेडला घेतलं होतं. दिवाळीचे सगळे पैसे घालून. घरात मस्त उडलं. मग मित्रांना दाखवायला भर दुपारी गच्चीवर नेलं. दहा फूट वर गेलं, रिमोट ऐकेना, आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या पत्र्यावर. तेव्हा वाटलं नशीब खोटं. नंतर विष्णुपुरीला बीटेक करताना कळलं की तो रिमोट टीव्हीसारखा इन्फ्रारेड होता, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात सूर्यच इतकं इन्फ्रारेड ओततो की रिसीव्हरला बिचाऱ्या रिमोटचा आवाज ऐकूच येत नाही. तर पहिला प्रश्न दुकानदाराला हा विचारायचा: २.४ गिगाहर्ट्झ आहे का? नसेल तर ते फक्त खोलीतलं.

आता भावाच्या प्रश्नाकडे. दुकानात तीन जाती आहेत. दोन पंख्यांची, तीन चॅनेलची. ही आपोआप स्थिर राहतात, पण पंख्याच्या झुळकीनेही वाहून जातात आणि डावीकडे-उजवीकडे सरकत नाहीत. लहान भाचा असेल तर जरूर घ्या. दुसरी, एक पंखा आणि शेपटीला पंखा, चार चॅनेल, पात्यांचा कोन कायम. यात चारही दिशा खऱ्या हेलिकॉप्टरसारख्या असतात, आणि वजन इतकं कमी की पडलं तरी बहुतेक वेळा उचलून पुन्हा उडवता येतं. तिसरी सहा चॅनेलची, जिथे पात्यांचा कोन उडताना बदलतो. यावर माणसं हेलिकॉप्टर उलटं उडवतात, यूट्यूबवर तुम्ही पाहता ते हेच.

माझं मत: सतरा-अठरा वर्षांच्या, खरंच शिकायचं असलेल्या माणसाने पहिली जात सोडून थेट दुसरी घ्यावी. डब्ल्यूएलटॉइजच्या व्ही९११ घराण्यातली छोटी चार चॅनेलवाली यासाठीच नावाजली गेली. एक सापळा आहे: नव्या बऱ्याच मॉडेलांत उंची आपोआप धरून ठेवणारा सेन्सर असतो. सोपं वाटतं, पण डावा अंगठा काहीच शिकत नाही. तो बंद करता येत असेल तर उत्तम. आणि कॅमेरावालं घेऊ नका. पाच हजारात कॅमेराही धड नसतो आणि हेलिकॉप्टरही.

घेण्याआधी सुटे भाग शोधा. मुख्य पाती, शेपटीची मोटर, बॅटरी, हे भारतात कुठे मिळतंय ते बघून मगच मॉडेल ठरवा. फेब्रुवारी २०२० मध्ये आयात खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्काही लागतो. म्हणून जुन्या परदेशी व्हिडिओतले भाव धरून बसू नका, आणि एक पातं तुटलं म्हणून अख्खं यंत्र माळ्यावर टाकायची वेळ आणू नका.

उडवायचं कधी? पहाटे, सहा-साडेसहाला, वारा सुटायच्या आत. किंवा ओळखीच्या माणसाचं रिकामं मंगल कार्यालय. हॉल मोठा, छत उंच, फरशी सपाट, लग्नसराई सोडली तर कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या उन्हाचा आणखी एक हिशोब: १५ अंशांच्या तुलनेत ४२ अंशांना हवा साधारण ९ टक्के विरळ असते. पात्यांना तेवढी पकड कमी, मोटरला तेवढा जोर जास्त. आणि लिपो बॅटरी उन्हात गाडीत ठेवली की फुगते. फुगलेली चार्ज करायची नाही, कितीही जीव तुटला तरी.

शिकायचा क्रम साधा आहे, पण पोरं तो पाळत नाहीत. शेपूट आपल्याकडे करून, मीटरभर उंचीवर, एका जागी उभं करायचं. नुसतं उभं. मिनिटभर जमलं की थोडं तिरकं, मग आडवं, मग नाक आपल्याकडे. नाक आपल्याकडे आलं की डावं-उजवं उलटं होतं आणि मेंदू हँग होतो. नवीन मशीन बहुतेक तिथेच फुटतं. म्हणून कॉम्प्युटरवर सिम्युलेटर: हेली-एक्स, रिअलफ्लाइट. तिथे शंभर वेळा पडा, रिस्टार्टला पैसे लागत नाहीत. आर्थर यंगकडे हे नव्हतं, त्याला प्रत्येक वेळी नवीन पाती तासावी लागायची.

आणि तो अर्ध्या मीटरचा फोटो. त्यावर मी भावाला फोन केला, मेसेज नाही. फुलसावंगी आठवते का म्हटलं. यवतमाळ जिल्ह्यातलं महागाव तालुक्यातलं गाव, आपल्या नांदेडच्या शिवेपासून फार लांब नाही. आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंगचं काम करणारा २४ वर्षांचा तरुण, यूट्यूब बघून त्याने माणूस बसेल असं हेलिकॉप्टर बांधलं. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी चालू असताना मागचा पंखा निखळला, मुख्य पात्याला लागला, आणि पातं त्याला. तो गेला. गावाला त्याचा अभिमान होता, मलाही आहे, आणि तरीही मला राग येतो की जवळपास असं कोणी नव्हतं जे त्याला म्हणेल, आधी हातभर मॉडेल कर, लांब उभा राहा, मोडू दे.

रिमोटचं आहे म्हणून सुटलो असंही नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कला १९ वर्षांचा, चांगला सराव असलेला मुलगा स्वतःच्या मोठ्या मॉडेलचं पातं लागून गेला. गणित करा: पंख्याचा व्यास ७० सेंटीमीटर, मिनिटाला २,८०० फेरे, तर पात्याचं टोक ताशी सुमारे ३७० किलोमीटरने फिरतं. कार्बन फायबरचं. हातभर लांबीचं कोयतं त्या वेगाने. तळहाताएवढ्याचं प्लास्टिकचं पातं बोटाला झणका देतं, डोळ्याला मात्र तेही धोक्याचं, चष्मा घाला.

नियमांचंही एक आहे. ड्रोन नियम २०२१ मध्ये २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो वर्गात येतं, त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतल्या आकाशात परवानगी लागते, आणि नांदेडचं विमानतळ शहराला किती चिकटून आहे ते तुम्ही जाणता. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपलं मैदान बघून घ्या. घरातल्या हॉलला हे काही लागू नाही, म्हणून पुन्हा मंगल कार्यालय.

भावाने शेवटी चार चॅनेलवालं छोटं घेतलं, दोन जादा बॅटऱ्या आणि पात्यांचे तीन जोड घेतले, वर पैसे उरले. परवा पुन्हा नोट आली. "दादा, चाळीस सेकंद उभं ऱ्हायलं. मग आईनं पंखा लावला." दोन जोड पाती संपलीत. तिसरा जोड सिम्युलेटरवर नाक-समोर जमेपर्यंत काढायचा नाही असं आमचं ठरलंय, बघू किती दिवस टिकतं ते.